बारा वाजून दहा

ते गच्चीवर, मी खाली टीव्हीसमोर.
मधे सतरा पायऱ्या आणि कूलरची घरघर.
"किती?"
"स्ट्रेंथ ऐंशी, क्वालिटी नऊ!"
"आता?"
"नऊच!"
"आता पाह्य!"
"नऊ म्हणलं ना जी!"

वरची पट्टी भरलेली, खालची रिकामी.
म्हणजे आवाज येतो आहे, बोलणं लागत नाही.
एवढं मला पुस्तक न उघडता कळलं,
तेहतीस वर्षं झाली लग्नाला.

आरएमएसमध्ये यांनी आयुष्यभर
दुसऱ्यांची पत्रं दिशेप्रमाणे खणात टाकली,
गोंदिया, दुर्ग, इटारसी, बल्लारशा.
रिटायर झाले आणि इतवारीच्या भंगारातून,
नंदनवारशी घासाघीस करून, ही मोटर उचलून आणली.
बटण दाबलं की सहा फुटी ताट
रवंथ करणाऱ्या म्हशीनं मान वळवावी तसं
कण्हत फिरतं.
दक्षिणेचा उपग्रह झकास लागतो.
पूर्वेच्या टोकाचा, एकशे पाच अंशांवरचा, लागत नाही.
तिथं एक बाई कुठल्याशा भाषेत
केळीच्या पानात मासे बांधते
आणि हे वही घेऊन बसायचे म्हणतात.

पंधरा दिवस झाले.
एलएनबी इकडे तिकडे फिरवून पाहिला.
कनेक्टर उघडले, आत तांब्याला हिरवट गंज.
वायर कापली तर गेल्या पावसाळ्याचं पाणी ठिबकलं.
होकायंत्र टाकीच्या लोखंडी स्टँडजवळ नेलं की दक्षिण विसरायचं.
कडुलिंबाची एक फांदी विनाकारण गेली.

मी एकदा खोटंही बोलले.
पंचेचाळीसचं ऊन, डोक्यावर ओला दुपट्टा, हे वर.
मी खालून ओरडले, "साठ! साठ झाली! या आता!"
आले. पट्टी पाहिली. नऊ.
माठातलं पाणी प्याले, आणि काही न बोलता परत चढले.
तेव्हापासून मी आकड्यांशी इमान राखलं.

पूर्वेला ताटाची कडा हातानं उचलली की सत्तेचाळीस.
पश्चिमेला खाली दाबली की तसंच.
सोडली की गेलं.
"दक्षिणच चुकली आपली," हे म्हणाले.
"उद्या ओळंब्याची सावली धरतो.
सूर्य काही साठ म्हणून ओरडत नाही."

मेची सव्वीस. मी कैरीचं पन्हं घेऊन वर गेले.
ताट उतरवून कठड्याला टेकवलेलं, खांब उघडा,
हे हातात खडू घेऊन ओळंब्यापाशी उकिडवे.
सावली आखडत गेली.
बारा वाजून दहा. सावलीच नाही.
ओळंब्याची नाही, बादलीची नाही,
माझी माझ्याच चपलांखाली शिरलेली.
"अरे बाप्पा," हे म्हणाले, "आजच!"
वर्षातून दोनदा सूर्य बरोबर नागपूरच्या टाळूवर येतो
आणि दिशा विचारणाऱ्याला काहीच सांगत नाही.

खांबाला मात्र होती.
दोन बोटं. काळी. पूर्वेकडे.
"अहो, खांब कलला."
"लेव्हल लावून बसवला मी."
"तेव्हा दोरी नव्हती."
हिरवी, नायलॉनची, पूर्वेच्या कठड्यापर्यंत,
होळीनंतर मीच ताणून बांधलेली.
तिच्यावर रोज ओल्या चादरी,
आणि यांचेच पायजमे.
त्यांनी दोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
मी पेला पुढे केला.

ऊन उतरल्यावर पाना मी मागितला.
दोरी सोडली, खांब उभा केला, बुडाशी पाचर ठोकली,
ताट दोघांनी चढवलं.
मग हे गुडघा धरत खाली गेले. मी वरच राहिले.
मोटरनं मान वळवली.
"किती?"
खाली नुसता कूलर.
"किती हो?"
"बाहत्तर!"
जरा उशिरानंच आला आकडा.
कोराडीच्या चिमण्यांवर लाल दिवे लागले होते.
पाना गरम होता अजून.
मी कठड्यावरून वाकून विचारलं,
"खरं सांगता?"